मावसबहिणीच्या लग्नात कँडिड फोटो काढताना

घरातल्या लग्नाला मुख्य फोटोग्राफर ठरलेला असतो, तरीही कुणीतरी म्हणतं, "तूही कॅमेरा आण. आमचं लक्ष नसताना आमचे फोटो तू काढ." ऐकताना बरं वाटतं आणि त्याच रात्रीपासून काळजी सुरू होते. मी हौस म्हणून बरीच वर्षं फोटो काढते आहे, पण ते पक्ष्यांचे, रस्त्यांचे, घरातल्या मुलांचे. तिथे एखादा क्षण हुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. लग्नात ती सोय नाही. मावसबहिणीने मला फेब्रुवारीत विचारलं, लग्न एप्रिलच्या अखेरीस झालं आणि फोटो तिच्या हातात पडले ते जूनमध्ये. मधल्या काळात काय काय करावं लागलं, कुठे ताटकळावं लागलं, पैसे कशावर गेले, हे सगळं क्रमाने लिहिते आहे. असंच काम ज्यांच्या अंगावर आलं आहे, त्यांना थोडा धीर यावा म्हणून.

हो म्हणण्याआधी मी ती आणि तिचा होणारा नवरा, दोघांना एकत्र गाठलं. नुसतं "कँडिड हवेत", म्हणजे पोज न देता नकळत टिपलेले फोटो हवेत, एवढ्यावर काम सुरू करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे, कारण प्रत्येकाच्या मनातलं चित्र वेगळं असतं. तिला हसणारे, रडणारे, मिठ्या मारणारे चेहरे हवे होते. त्याची मागणी एकच होती, कुणी "इकडे बघा" म्हणू नये. "याचे सगळे फोटो ओळखपत्रावरचे वाटतात," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. कॅमेरा दिसला की त्याची हनुवटी वर जाते आणि ओठ घट्ट मिटतात.

मग मी वही काढून विचारत गेले. कुणाचा फोटो हवाच आहे? त्याच्या आजोबांचा, कारण त्यांना फारसं ऐकू येत नाही आणि प्रवासही झेपत नाही, ते खास येणार होते. कुणाच्या फार जवळ जायचं नाही? तिच्या काकू नुकत्याच एका दुःखातून जात होत्या. कोणत्या मुलांचे फोटो आईवडिलांना इंटरनेटवर नको आहेत? दोन कुटुंबं निघाली. कोण कुणाशी बोलत नाही, हेही विचारून घेतलं. अवघड वाटतं विचारायला, पण न बोलणाऱ्या दोघांना एकाच चौकटीत पकडण्यापेक्षा हे बरं. घरी येऊन मी हे सगळं नीट लिहून दोघांना पाठवलं. सोबत दोन गोष्टी स्पष्ट केल्या: मी पैसे घेणार नाही, आणि ग्रुप फोटोंची जबाबदारी माझी नाही. त्यांचं "बरोबर आहे" असं उत्तर आल्यावर माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं.

पुढचं काम मुख्य फोटोग्राफरशी बोलण्याचं. हे बरेच हौशी लोक टाळतात. टाळू नये. अनेक व्यावसायिक फोटोग्राफरांच्या करारात, समारंभात दुसऱ्या कुणी कॅमेरा घेऊन काम करू नये, अशी अट असते. मावसबहिणीने करार काढून पाहिला तर त्यातही ती होती. तिने त्यांना मेल केला, उत्तराला आठवडा लागला, मग त्यांनी मला थेट फोनच केला. मी घाबरतच उचलला. ते मात्र शांतपणे अटी सांगत गेले. मधल्या वाटेवर त्यांच्या चौकटीत यायचं नाही. लग्नाच्या नोंदणीच्या सह्या होताना फ्लॅश अजिबात नाही. "आणि ग्रुप फोटोच्या वेळी माझ्या शेजारी उभ्या राहू नका. निम्मे लोक तुमच्याकडे बघतात आणि माझा फोटो वाया जातो." हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. लग्नाच्या फोटोंत माणसांच्या नजरा दोन-तीन दिशांना फाकलेल्या असतात, त्यामागे बहुतेक वेळा शेजारी उभा राहिलेला एखादा पाहुणा असतो. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली: दोघांच्या कॅमेऱ्यांचं घड्याळ सकाळीच जुळवून घ्यायचं, म्हणजे पुढे दोघांचे फोटो एकत्र करताना ते आपोआप वेळेनुसार लागतात. करारात एका ओळीची लेखी भर घातली गेली आणि तिच्यावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

सभागृहाच्या कार्यालयाचं काम मात्र लांबलं. तिथे छायाचित्रणाच्या परवानगीचा वेगळा अर्ज होता आणि तो लग्न असलेल्या कुटुंबाकडूनच यावा लागतो. फोटोग्राफरचं नाव, फोन नंबर, सोबतचं सामान, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, सगळं भरायचं. खाली अटी छापलेल्या: बाहेर जायच्या वाटांवर स्टँड लावायचा नाही, भिंतीला काही चिकटवायचं नाही, ड्रोन नाही, नोंदणी अधिकाऱ्यांसमोर सह्या चालू असताना फ्लॅश नाही. पहिला अर्ज परत आला, कारण दोन फोटोग्राफरांची नावं एकाच अर्जावर चालत नव्हती. दुसऱ्या अर्जानंतर दोन आठवडे काहीच हालचाल नाही. शेवटी मावसबहीण स्वतः जाऊन बसली, तेव्हा शिक्का मिळाला. वेगळं शुल्क नव्हतं, वेळ मात्र भरपूर गेला. त्या कागदाची छापील प्रत पिशवीत ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. लग्नाच्या दिवशी दारावरच्या माणसाने मला ती मागितलीच, आणि तेव्हा मोबाइल आईकडे होता.

शिक्का आणायला जाताना मी तिच्याबरोबर गेले होते. जाण्याची वेळ मुद्दाम तीच निवडली, जी लग्नाच्या दिवशी सह्यांची असणार होती. हे प्रत्येकाने करावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण रिकामं सभागृह एकदा बघितलं की अर्धी भीती जाते. एका बाजूला उंच खिडक्या होत्या, त्यांतून येणारा उजेड मऊ होता. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर एलईडी दिवे होते आणि खरा प्रश्न तिथे होता. वीज जिथे ५० हर्ट्झची असते तिथे असे काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झला १२० वेळा. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मी भिंतीचा एक फोटो १/१००० शटर स्पीडला, म्हणजे शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडं ठेवून, काढला आणि पडद्यावर आडवे काळसर पट्टे आले. शटर १/१०० वर आणल्यावर ते गेले. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२५ किंवा १/६० वापरून पाहावं. अनेक नव्या कॅमेऱ्यांत हे लुकलुकणं टाळण्याची सोय मेनूमध्ये असते, ती चालू करून ठेवावी. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर कँडिडसाठी आकर्षक वाटतं, पण बहुतेक कॅमेऱ्यांत अशा दिव्यांखाली तेच सगळ्यात जास्त पट्टे आणतं. म्हणून ठरवलं, खिडकीजवळ मूक शटर आणि भिंतीकडे नेहमीचं.

तिथेच बसायच्या जागा विचारून घेतल्या. टेबल कुठे असणार, अधिकारी कुठे बसणार, साक्षीदार कुठून येणार, आईवडील कुठल्या रांगेत. वहीत एक चौकोन काढला, त्यात खिडक्या, टेबल, खुर्च्या, आणि मुख्य फोटोग्राफर जिथे उभे राहतील ती जागा. मग त्यांच्या बरोबर समोरच्या दिशेला माझी जागा आखली. माझं सगळं काम या एका आखणीवर उभं राहिलं. जे घडतंय त्याचे फोटो ते काढणारच होते. मला बघायचं होतं ते घडताना बघणाऱ्यांकडे.

सामानाचं थोडक्यात सांगते. माझ्याकडे एक कॅमेरा आणि रुंद दृश्य टिपणारी ३५ मिमीची एफ १.८ लेन्स होती (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). लांबूनही चेहरे जवळ दिसणारी ८५ मिमीची एफ १.८ लेन्स भाड्याने घेतली. विकत घेण्याच्या मानाने भाडं अगदीच कमी पडलं, अनामत रक्कम मात्र मोठी होती आणि ती परत मिळायला वेळ लागला, तेवढे पैसे बाजूला धरून ठेवावेत. लेन्स ताब्यात घेताना पुढची-मागची काच, कडा, बसवायची रिंग, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून दुकानदारालाही पाठवले. परत करताना एका ओरखड्यावर त्यांनी बोट ठेवलं, तेव्हा तेच फोटो कामी आले. दुसरा कॅमेरा एका मैत्रिणीने दिला. दोन कॅमेरे चैनीसाठी नव्हते. लेन्स बदलायला अर्धं मिनिट जातं आणि एखाद्याचे डोळे भरून आलेले असतात ते तेवढा वेळ थांबत नाहीत. खरेदी केली ती फक्त दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी आणि एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क.

मधल्या आठवड्यांत सराव घरच्याच जेवणाच्या टेबलावर केला. रात्री, एकाच दिव्यात, माणसं बोलत असताना. कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे शटर आणि एफ आपण ठरवायचे, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) आपोआप, एवढं एकदा बसलं की हाताला फक्त चौकट बघायची उरते. एफ १.८ वर जवळून फोटो काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. दोन माणसं असतील तर एफ २.८ वर जावं. कॅमेऱ्यातल्या तीन गोष्टी मी तेव्हाच बंद करून टाकल्या: फोकस झाल्याची बीप, अंधारात फोकससाठी पेटणारा छोटा दिवा, आणि फोटो काढल्यावर पडद्यावर आपोआप उमटणारं चित्र. मंद उजेडात या तिन्हींमुळे माणसाला लगेच कळतं की आपला फोटो निघाला.

त्याच दिवसांत एरिश सालोमोन या जर्मन छायाचित्रकाराबद्दल वाचत होते. शिक्षणाने वकील असलेला हा माणूस १९२८ च्या सुमाराला न्यायालयांत आणि पुढे मुत्सद्द्यांच्या बैठकांत जाऊन नकळत फोटो काढायचा. त्याचा एर्मानॉक्स कॅमेरा छोटा होता, लेन्स त्या काळाच्या मानाने फारच तेज, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, पण आत काचेच्या प्लेटा. एक फोटो, मग प्लेट बदला. त्याने मला फार आधार दिला. इतकी मर्यादा असताना माणूस काय करेल? थांबेल, बघेल, बोलणारा जिथे श्वास घेतो ती जागा ओळखेल. माझ्या कॅमेऱ्यात सेकंदाला कितीतरी फोटो निघतात, तरी सरावात मी एका प्रसंगाला एकदाच बटण दाबायचं असं स्वतःला बजावलं होतं. त्याने नजर सुधारली. प्रत्यक्ष लग्नात मात्र दोन-तीनदा दाबावं, कारण माणसं नेमकी तेव्हाच डोळे मिटतात.

लग्नाच्या दिवशी सकाळी साध्या करड्या कपड्यांत गेले. आईला ते आवडलं नाही. "घरचं लग्न आहे, जरा नीट तयार हो," ती म्हणत होती. तिला सांगितलं की संध्याकाळी कपडे बदलेन, आणि बदललेही. पायात आवाज न करणारे बूट. मोठी बॅग नाही, खांद्यावर छोटी पिशवी. कार्डं आदल्या रात्री कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली होती, घड्याळं मुख्य फोटोग्राफरांच्या घड्याळाशी जुळवली.

सकाळचा पहिला तास मी मुद्दाम साधेसुधे फोटो काढण्यात घालवला. खुर्च्या, फुलं, खिडकी, चपलांचा ढीग. हे फोटो फारसे लागत नाहीत. उपयोग असा की घरभर कॅमेरा फिरतो आहे याची सगळ्यांना सवय होते. सुरुवातीला प्रत्येक जण थबकतो, केस सारखे करतो, विचारतो, "काढलास का?" तासाभराने कुणी वळूनही बघत नाही. लपून, दाराआडून, लांबच्या लेन्सने फोटो काढण्याच्या मी विरोधात आहे. त्यात माणूस चोरल्यासारखा दिसतो आणि ते फोटोतही उतरतं. समोर राहून सवयीचं होणं हळू असतं, पण त्यातून येणारे चेहरे निश्चिंत असतात.

तयारीच्या खोलीत खिडकीचा उजेड सुंदर होता. आत जाण्याआधी प्रत्येक वेळी दार वाजवलं आणि कपडे बदलायच्या वेळी बाहेर थांबले, नात्यातली असूनही. तिथला एक फोटो मला फार प्रिय आहे. मावसबहीण आरशासमोर बसलेली, आणि मागे मावशी तिच्या बाहीवरून निघालेला एक धागा चिमटीत धरून उभी. तोडावा की कात्री आणावी, हे ठरत नाही. चेहऱ्यावर फक्त त्या धाग्याची काळजी. मुलीचं लग्न, निरोप, असलं काहीही त्या क्षणी तिच्या मनात नाही. असे फोटो मागून मिळत नाहीत. त्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात, उजेडाकडे पाठ न करता, काहीही न करता उभं राहावं लागतं. भावनांनी ओथंबलेल्या क्षणाच्या मागे धावण्यापेक्षा माणसं हातांनी काही करत असतील तिथे थांबावं. हात कामात असले की चेहरा मोकळा होतो.

सह्यांच्या वेळी मी आखलेल्या जागी जाऊन उभी राहिले. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला दोन वाक्यांत सूचना दिल्या, सगळे गप्प झाले. माझं काळीज जोरात धडधडत होतं, हात मात्र स्थिर ठेवायचे होते. कोपर बरगड्यांना टेकवून, श्वास सोडता सोडता बटण दाबलं की १/१०० लाही फोटो हलत नाही. नवरीने सही केली. नवऱ्याने पेन घेतलं, टेकवलं, आणि ते चालेना. त्याने कागदाच्या कडेला गिरवून पाहिलं. नाही. झटकलं. नाही. मागच्या रांगेतून एकदम चार हातांनी चार पेनं पुढे आली आणि तो हसत सुटला, मान मागे टाकून, डोळे मिटून. अधिकारीही हसले. कॅमेरा समोर आला की हनुवटी वर करणारा हा माणूस त्या क्षणी कॅमेरा पार विसरला होता. त्या हसण्याचे माझ्याकडे तीन फोटो आहेत. मुख्य फोटोग्राफर तेव्हा नवरीच्या सहीचा जवळून फोटो घेत होते, म्हणून त्यांच्याकडे तो नाही. ते त्यांचं काम बरोबरच करत होते. सहीचा स्पष्ट फोटो हवाच असतो. तो जबाबदारीचा फोटो कुणीतरी काढत होतं, म्हणून मला इकडे बघायची मोकळीक होती. एकट्याने संपूर्ण लग्न अंगावर घेणाऱ्या हौशी लोकांना मी म्हणूनच विनवून सांगते, शक्य असेल तर घेऊ नका.

त्यानंतर ग्रुप फोटो सुरू झाले आणि मी शब्द दिल्याप्रमाणे बाजूला झाले. पण पूर्ण थांबले नाही. ग्रुप फोटोसाठी रांगेत उभे असलेले लोक हा खजिना आहे. कुणी कुणाची कॉलर नीट करतं, कुणी लहान मुलाला दम देतं, दोन भाऊ वर्षभराच्या गप्पा त्या पाच मिनिटांत उरकतात. आणि ग्रुप फोटो झाला, "थँक यू" म्हटलं गेलं, की त्याच सेकंदाला सगळी रांग सैल होते. पोटं सुटतात, खांदे उतरतात, कुणीतरी कुणाला तरी ढकलतं. तो सेकंद धरावा. माझी आत्या कॅमेरा बघितला की लगेच मान तिरपी करून उभी राहते, तिला टाळणं अशक्य. तिचा तो फोटो मी आधी मनापासून काढते, तिला दाखवते, आणि ती "छान आलाय" म्हणून हसते तेव्हा खरा फोटो काढते. पोज देणाऱ्यावर वैतागू नये. त्याला हवा तसा एक फोटो आधी द्यावा.

आजोबांचा फोटो मिळेल की नाही याची धास्ती मला दिवसभर होती. ते एका खुर्चीत शांत बसून होते. लोक येत, नमस्कार करत, मोठ्याने काहीतरी बोलत, ते मान डोलावत. जेवणाच्या आधी मावसबहीण त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि काहीतरी म्हणाली. त्यांनी हात कानामागे नेला. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा हात कानामागे. तिसऱ्यांदा तिने बोलणं सोडून खुणांनी सांगायला सुरुवात केली, दोन्ही हात हवेत, भुवया वर, आणि आजोबांच्या चेहऱ्यावर हळूहळू समज उमटत गेली. मी ८५ मिमीची लेन्स लावून सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होते. जवळ गेले असते तर ते दोघं माझ्याकडे वळले असते. पाय जागचे न हलवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात कठीण काम होतं.

काकूंच्या बाबतीत मी आधीच त्यांच्याजवळ जाऊन बसले होते, कॅमेरा मांडीवर ठेवून. "तुमचे फोटो काढले तर चालतील का?" असं सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "काढ, पण रडतानाचे नको." ते मी पाळलं. एकदा त्या रडल्या, मी कॅमेरा खाली घेतला आणि पाणी आणून दिलं.

संध्याकाळी उजेड गेला, रंगीत दिवे लागले, नाच सुरू झाला. इथे आयएसओ ३२०० पर्यंत गेला, शटर १/२००, अॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ २. कुठे-कुठे पट्टे आले, ते चालवून घेतले, कारण नाचताना १/१०० ला हात-पाय पुसट होतात. फोटोत थोडे कण दिसले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. लेझरचा झोत कॅमेऱ्यात थेट जाऊ देऊ नका. त्याने सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, कायमचे डाग पडू शकतात. मी त्या वेळी लेन्स खाली धरून उभी होते. मध्येच कॅमेरे एका भावाकडे सोपवले, कपडे बदलले आणि जेवून घेतलं. पाहुणे म्हणून बोलावलं आहे, तर पाहुण्यासारखं थोडं तरी वागायला मिळावं, हे मावसबहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं. तिच्यासोबत थोडा वेळ नाचलेही. तेव्हाचे फोटो नाहीत आणि त्याचं वाईट वाटत नाही.

घरी आल्यावर कितीही थकवा असला तरी झोपण्याआधी कार्डं लॅपटॉपवर आणि हार्ड डिस्कवर उतरवावीत. फाइल्स उघडून बघाव्यात, नुसती संख्या जुळली म्हणजे झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी तिसरी प्रत आईच्या घरी नेऊन ठेवली. कार्डं मात्र तशीच बाजूला, फोटो देऊन होईपर्यंत पुसायची नाहीत.

निवडीला मे महिना गेला. पहिल्या फेरीत "काय काढून टाकू?" असं म्हणत बसले तर काहीच टाकवेना. मग उलट केलं, "काय ठेवू?" असं विचारत गेले आणि काम सरकलं. ज्या फोटोत कुणी घास घेताना, डोळे अर्धे मिटलेले, ओशाळलेलं दिसतं, ते फोटो मला आवडले तरी बाजूला ठेवले. त्या माणसाला तो आवडेल का, हा प्रश्न आधी. ज्या मुलांबद्दल सांगितलं होतं त्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घातले आणि ते फक्त त्यांच्या आईवडिलांना दिले. सगळ्या फाइल्समधली ठिकाणाची माहिती काढून टाकली. रंग सुधारण्यात फार वेळ घालवला नाही. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स, असल्यामुळे खिडकीचा थंड उजेड आणि दिव्यांचा पिवळा उजेड जुळवता आला, बाकी चेहऱ्यांना हात लावला नाही.

जूनच्या सुरुवातीला फोटो दिले, एका पेनड्राइव्हवर आणि डाउनलोडच्या लिंकवर. मेसेजिंग अॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान होतात. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आठवडाभर कुणाला काही नको असेल तर सांगा, असं म्हटलं होतं. एका मामांनी एक फोटो वगळायला लावला, कारण विचारलं नाही, लगेच वगळला. मुख्य फोटोग्राफरांनी अल्बमसाठी माझे काही फोटो मागितले. त्यांना पूर्ण आकाराच्या जेपेग फाइल्स एसआरजीबी (पडद्यांवर सर्रास वापरली जाणारी रंगपद्धत) रंगात हव्या होत्या आणि फाइलच्या नावात वेळ. घड्याळं जुळवलेली असल्याने ते काम एका संध्याकाळी झालं. पेनवाला फोटो त्यांनी सहीच्या फोटोसमोरच्या पूर्ण पानावर घेतला आहे.

अल्बम ऑगस्टमध्ये छापून आला. त्यानंतर मावसबहिणीचा फोन आला की आजोबांना त्यांचा तो फोटो भिंतीवर लावायला हवा आहे, मोठा. ८ बाय १० इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. चौकट कापल्यावरही माझ्या फाइलमध्ये त्याहून जास्त उरत होते, म्हणून १२ बाय १५ इंचाची प्रत छापायला टाकली आहे. कागद मॅट सांगितला, कारण त्यांच्या खुर्चीसमोर खिडकी आहे आणि चकचकीत कागदावर नुसता उजेडच दिसला असता.